नांगर टाकला, आता पुढे: बेक्वे बेटाजवळ होडीवर राहायला येणाऱ्यांसाठी

होडीवर राहायला निघालेले बहुतेक जण शीड कसं चढवायचं, वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी कसं जायचं, नकाशा कसा वाचायचा हे शिकून येतात. ते हवंच. पण कॅरिबियनमध्ये एक हिवाळा काढला की लक्षात येतं, शीड उभारून प्रवास होतो आठवड्यातून एखादा दिवस. बाकी सगळे दिवस होडी नांगरावर उभी असते. स्वयंपाक, आंघोळ, कपडे, झोप, रुसवेफुगवे, वाढदिवस, सगळं तिथेच. आणि ते कसं निभवायचं, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत.

मी आणि माझा नवरा सलग दोन हिवाळे अकरा मीटर लांबीच्या एका जुन्या होडीवर बेक्वेच्या अ‍ॅडमिरल्टी बे या उपसागरात राहिलो. आता ओळखीतले दोघेतिघे तिकडे निघालेत आणि रोज काहीतरी विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

बेक्वे हे सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्स या देशातलं बेट. आकाराने लहान, साधारण १८ चौरस किलोमीटर. १३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे चेन्नईच्याच ओळीत. त्यामुळे ऊन, घाम आणि लवकर होणारा अंधार आपल्याला परका नाही. घड्याळ मात्र भारताच्या साडेनऊ तास मागे. तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेचार. घरी फोन करायचा तर चहाच्या वेळीच करा. उपसागराचं तोंड पश्चिमेला आहे आणि हिवाळ्यात व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, म्हणून वारा डोंगरावरून येतो आणि पाणी बरंचसं सपाट राहतं. लोक इथे महिनोन् महिने राहतात ते यामुळेच.

आत शिरताना

भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. अमेरिका खंडात आणि कॅरिबियनमध्ये बरोबर उलटं, लाल उजव्या हाताला. मुंबईत किंवा गोव्यात शिकलेल्याच्या अंगात जुनी सवय मुरलेली असते, तेव्हा पहिल्या दिवशी हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सुकाणूजवळ चिकटवा. अ‍ॅडमिरल्टी बेच्या उत्तर बाजूला डेव्हिल्स टेबल नावाचा उथळ खडक आहे. त्याच्या खुणेपासून दूर राहून मगच आत वळा.

दुसऱ्या देशातून आला असाल तर पिवळा झेंडा चढवा. कागदपत्रं पुरी होईपर्यंत फक्त कप्तानाने किनाऱ्यावर जायचं, बाकीच्यांनी होडीवरच थांबायचं. कस्टम्स आणि इमिग्रेशन दोन्ही पोर्ट एलिझाबेथ गावात, फेरीच्या धक्क्याजवळच आहेत. पासपोर्ट, होडीचे नोंदणीचे कागद, माणसांची यादी आणि मागच्या बंदराचा निघाल्याचा दाखला, एवढं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. डिंगीतून, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीतून, जाताना शिंतोडे उडतातच, आणि भिजलेला पासपोर्ट कुठल्याच अधिकाऱ्याला आवडत नाही. पैसे पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये लागतात. एका अमेरिकन डॉलरला २.७० असा त्याचा दर १९७६ पासून ठरलेला आहे. शिक्का बसला की पिवळा झेंडा उतरवून त्या देशाचा निळा-पिवळा-हिरवा झेंडा उजव्या बाजूला लावा.

नांगर

इथे मी जरा थांबणार आहे, कारण नांगर नीट बसलेला नसेल तर पुढचं काहीच धड होत नाही. झोप नाही, पोहणं नाही, बाजारहाट नाही. सगळं लक्ष होडीकडे.

सूर्य डोक्यावर असताना या. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान पाण्याचा तळ दिसतो. पिस्त्यासारखा फिकट हिरवा पट्टा म्हणजे वाळू, गडद डाग म्हणजे गवत किंवा खडक. आपल्याला वाळू हवी. प्रिन्सेस मार्गारेट बीचसमोर असे पट्टे चांगले मिळतात. इतर काही ठिकाणी वाळूचा थर पातळ आणि खाली टणक जमीन, तिथे नांगर नुसता खरवडत जातो. जागा दिसली की लगेच टाकू नका. एक फेरी मारा, शेजारच्या होड्या कशा उभ्या आहेत ते पाहा. भाड्याच्या, तळाशी पक्क्या बांधलेल्या बोयावर अडकवलेली होडी थोडीशीच फिरते, लांब साखळीवरची मोठं वर्तुळ घेते. शेजाऱ्याला विचारायला लाजू नका, “तुमची साखळी किती सोडलीय?” हा प्रश्न इथे नमस्कारासारखा आहे.

साखळी किती सोडायची याचा हिशेब सोपा आहे. समजा पाण्याची खोली सहा मीटर, पाण्यापासून नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, उंची एक मीटर, आणि भरती-ओहोटीचा फरक इथे फार तर अर्धा मीटर. एकूण साडेसात. हवा शांत असेल तर त्याच्या पाचपट, म्हणजे ३८ मीटरच्या आसपास. रात्री वारा वाढणार असेल तर सातपट, म्हणजे ५० मीटरपेक्षा थोडी जास्त. नाळेची उंची धरायला नवखे विसरतात, आणि खोली कमी असते तिथे नेमका त्याचाच फरक पडतो. साखळीवर दर दहा मीटरला रंगाचा पट्टा मारून ठेवा. अंदाजाने सोडलेली साखळी नेहमी कमीच भरते.

नांगर तळाला लागला की होडी वाऱ्याने आपोआप मागे जाऊ द्या आणि साखळी तिच्या चालीने सोडत राहा, एकदम ढीग घालू नका. पुरेशी सुटली की इंजिन हळू उलटं चालवा. ताण आला की थोडं थांबा, नांगराला रुतायला वेळ द्या, मग जोर वाढवा. या वेळी किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरा, एखादा माड आणि त्याच्या मागच्या घराचा कोपरा. दोन्ही एकमेकांना चिकटून राहिले तर होडी थांबली आहे. हळूहळू वेगळे होऊ लागले तर नांगर घसरतो आहे. आणि एक गोष्ट हाताने करा, ताणलेल्या साखळीवर तळवा ठेवा. रुतलेल्या नांगराची साखळी एकसारखी घट्ट लागते. घसरणाऱ्या नांगराची साखळी थरथरते, मध्येच झटका देते, जात्यात खडा अडकल्यासारखी. एकदा हाताला ती कळली की कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त भरवसा तिचाच वाटतो.

मग पाण्याखाली बघायचा मुखवटा लावून उतरा आणि नांगर बघून या. त्याचं पातं पूर्ण वाळूत गेलेलं दिसलं पाहिजे. शेवटी आठ-दहा मीटरचा नायलॉनचा दोर साखळीला हूकने अडकवून ताण त्या दोरावर घ्या. नायलॉन ताणलं जातं, झटके पचवतं, आणि रात्री डोक्याशी साखळीची खरखर ऐकू येत नाही.

हे सगळं मी इतकं बारकाईने का सांगते त्याला कारण आहे. पहिल्याच जानेवारीत, संध्याकाळी उशिरा पोहोचल्यामुळे तळ न बघता आम्ही नांगर टाकला. साखळी ताणली गेली, होडी थांबली, आम्ही समाधानाने जेवलो. रात्री दोनला डोंगरावरून वारा कोसळला, सोबत आडवा पाऊस. मी वर आले तेव्हा शेजारच्या कॅटमरानचा (जुळ्या सांगाड्याच्या होडीचा) मागचा दिवा, जो झोपताना हात लांब करून धरलेल्या नखाएवढा दिसत होता, तो आता कंदिलाएवढा होता. नवरा नाळेकडे धावला, मी इंजिन चालू केलं. कॅटमरानवरचे आजोबा ओरडले नाहीत. ते शांतपणे दोन फेंडर, म्हणजे टक्कर झेलणाऱ्या फुगीर उश्या, घेऊन कडेला उभे राहिले आणि टॉर्चने आम्हाला मोकळ्या पाण्याची दिशा दाखवत राहिले. त्या पावसात आम्ही तीनदा नांगर टाकला, तिसऱ्यांदा तो धरला. पहिल्या दोन्ही वेळा वर आलेल्या नांगराच्या टोकावर समुद्रगवताचा भलामोठा गोळा होता. सकाळी पोहत जाऊन जुनी जागा पाहिली. नांगराने गवतात लांबच लांब चर पाडला होता, वाळूला तो लागलाच नव्हता. त्या दिवसापासून आम्ही तळ बघितल्याशिवाय मुक्काम केला नाही.

भाड्याचा बोया मिळतो, त्याने सगळं सोपं होईल असं वाटतं. आम्हीही एकदा घेतला. पैसे दिल्यावर सवयीने खाली बुडी मारली, तर साखळी आणि दोर जोडणारी कडी झिजून पेन्सिलीएवढी राहिली होती. लगेच सोडून निघालो. चांगले बोयेही आहेत, पण बघितल्याशिवाय बांधू नका, आणि पैसे देण्याआधी बघा.

पाणी

बेक्वेवर नदी नाही. गावातली माणसं छपरावरचं पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत साठवतात आणि तेच वर्षभर पुरवतात. तेव्हा इथे पाणी विकत घेताना ते किती मोजून वापरलं जातं, हे मनात असू द्या. पाण्याची नौका होड्यांपर्यंत येते, व्हीएचएफ रेडिओवर हाक मारली की टाकी भरून देते. दर लिटरमागे पैसे.

आमची टाकी ३५० लिटरची. पहिल्या आठवड्यात घरच्यासारखे नळ सोडले आणि दिवसाला ६० लिटर संपवले, सहा दिवसांत टाकी कोरडी. मग वहीत लिहायला सुरुवात केली. महिन्याभरात दोघांचं मिळून दिवसाला २२ लिटरवर आलो: पिणं आणि स्वयंपाक आठ, भांडी पाच, आंघोळ सहा, हात-तोंड वगैरे तीन. तीच टाकी पंधरा दिवसांहून जास्त जाऊ लागली.

कसं जमतं ते सांगते. विजेचा पंप बंद ठेवा, पायाने दाबायचा पंप वापरा. पाय थांबला की पाणी थांबतं. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासा, बादली मागच्या बाजूने भरून घ्या, आणि शेवटी गोड्या पाण्याचा फवारा फक्त एकदा मारा. झाडांवर औषध मारायचा हातपंप असतो ना, तो यासाठी उत्तम. आंघोळीला संध्याकाळी मागच्या शिडीवरून उडी मारा, वर येऊन साबण लावा, पुन्हा उडी, आणि मग अंगावर दीड-दोन तांबे गोडं पाणी. हा शेवटचा तांब्या वाचवू नका. अंगावर मीठ राहिलं तर ते गादीत जातं, मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि गादी कायमची दमट होते. कपड्यांचंही तसंच. खाऱ्या पाण्यात धुतलेला टॉवेल कधीच सुकत नाही.

पाऊस आला तर ताडपत्रीखाली बादली लावा, पण पहिली दहा मिनिटं जाऊ द्या. त्या पाण्यात ताडपत्रीवरचं मीठ आणि पक्ष्यांची घाण असते. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असेल तर ते गावाजवळच्या पाण्यात चालवू नका, तिथे तेलाचा तवंग असतो आणि यंत्रातला गाळणारा पडदा खराब होतो. नळाच्या क्लोरीननेही तोच पडदा जळतो, म्हणून यंत्र धुताना कार्बनची गाळणी लावूनच पाणी सोडा.

वीज

वीज उन्हातूनच घ्यायची. चारशे वॅटची सौर पॅनेलं स्वच्छ दिवशी दीड ते दोन युनिट देतात. सगळ्यात जास्त खातो तो फ्रिज. पॅनेलवर बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) किंवा एखाद्या दोराची जरी सावली पडली तरी वीज धाडकन खाली येते, तेव्हा नांगर टाकून झाला की बूम एका बाजूला बांधून ठेवा. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या निम्म्यापेक्षा खाली उतरवू नका. रोज सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी सूर्य गेल्यावर बॅटरीचा आकडा वहीत लिहा. चार दिवसांत आपल्याला काय झेपतं ते त्या आकड्यांतून कळतं.

चूल

गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारातून बाहेर जाऊ तरी शकतो, होडीत तो तळाशी जाऊन साठतो आणि एक ठिणगी पुरते. स्वयंपाक झाला की नुसतं शेगडीचं बटण नव्हे, सिलिंडरही बंद करायचा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. प्रेशर कुकर घरून आणा. गॅस निम्मा लागतो, घट्ट झाकणामुळे होडी डोलली तरी उकळती डाळ अंगावर येत नाही, आणि होडीचा स्वयंपाकघराचा कोपरा वाफेने भरत नाही.

खाण्याच्या बाबतीत मराठी माणसाला बेक्वे फार जवळचं वाटेल. पोर्ट एलिझाबेथच्या भाजीबाजारात ‘कॅलालू’ म्हणून जुडी मिळते, ती अळूची पानं. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिथेच उभी राहून हसले. नारळ आहे, चिंच आहे, शेंगदाणे आहेत. फदफदं तसंच होतं. फक्त चिंच जरा सढळ हाताने घाला आणि चांगलं शिजवा, खाज तिथल्या अळूलाही आहे. ‘गोल्डन अ‍ॅपल’ नावाचं आंबटगोड फळ आपल्या अंबाड्याच्या कुळातलं, त्याचं सासव होतं. आणि नीरफणस तर घरोघरी. हा नीरफणस या बेटांवर आला तो ब्रिटिश नौदलातल्या कॅप्टन ब्लायच्या जहाजातून. १७८९ मध्ये त्याची पहिली खेप बाउंटी जहाजावरच्या बंडामुळे फसली, दुसऱ्या खेपेला १७९३ मध्ये प्रॉव्हिडन्स जहाजातून रोपं शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावर पोहोचली. मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात खायला घालायला ती आणली होती. आज तेच झाड तिथल्या माणसांचं अन्न आहे. गावातले लोक तो अख्खा निखाऱ्यावर भाजतात. मी तांदळाचं पीठ आणि तिखट लावून तव्यावर काप करते.

‘रोटी’ही मिळेल, आत बटाटा-चण्याची किंवा कोंबडीची भाजी भरून गुंडाळलेली. १८६१ पासून मद्रासहून मजूर म्हणून सेंट व्हिन्सेंटला आलेल्या भारतीयांची आठवण या सगळ्या बेटांवरच्या जेवणात अशी उरली आहे. तूरडाळ आणि गोडा मसाला मात्र घरूनच न्या.

साठवणीचे दोन-तीन नियम. पुठ्ठ्याची खोकी होडीवर चढवू नका, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. केळ्यांचा घड समुद्रात बुचकळून मगच आत घ्या. कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या जाळ्यांत टांगा. पिठं, डाळी घट्ट झाकणाच्या बरण्यांत, आणि प्रत्येकीत दोन तमालपत्रं.

मासे विकत घेणं सगळ्यात बरं. तिथला ‘किंगफिश’ म्हणजे आपल्या सुरमईची सख्खी बहीण, तुकड्या तशाच पडतात, तळल्यावर वास तोच. परदेशी पाहुण्यांना भाल्याने मासे मारायला या देशात बंदी आहे. शेवंडी १ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात, त्या काळात कुणी चोरून विकायला आणल्या तरी घेऊ नका. मोठा बॅराकुडा गळाला लागला तर सोडून द्या. प्रवाळातल्या मोठ्या माशांच्या मांसात सिग्वाटेरा नावाचं विष साठू शकतं, शिजवून ते जात नाही, आणि झालं तर गार वस्तू हाताला गरम लागण्याइतकी नसांची वाट लागते. धोका उत्तरेकडच्या बेटांत जास्त आहे, पण मासेमाऱ्याला “हा इथे खातात का?” विचारायला काही लागत नाही.

डिंगी

होडी घर, तर डिंगी तुमची स्कूटर. ती गेली की तुम्ही अडकलात. इंजिन चालू करताना बंद-दोरी, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी, मनगटाला लावाच. माणूस पाण्यात पडला आणि डिंगी गोल फिरत राहिली तर पंखा त्याच्याच अंगावर येतो. आत वल्ही, एक छोटा नांगर आणि टॉर्च कायम असू द्या. वारा किनाऱ्याकडून खुल्या समुद्राकडे वाहतो आणि पश्चिमेला पुढे मध्य अमेरिकेपर्यंत जमीन नाही. इंजिन बंद पडलं तर लगेच नांगर टाका, मग दुरुस्तीला लागा. धक्क्याला बांधताना दोर लांब सोडा म्हणजे इतरांना आत शिरता येईल. रात्री डिंगी पाण्यात ठेवू नका, दोराने उचलून कठड्याच्या उंचीला टांगा आणि कुलूप लावा.

गावात

दुकानात शिरताना आधी “गुड मॉर्निंग”, मग काय हवं ते. थेट “कांदे आहेत का?” म्हटलंत तर तिथे ते उद्धट वाटतं. आपल्याकडे ओळखीच्याला “काय, बरं आहे ना?” म्हटल्याशिवाय कामाचं बोलत नाही, तसंच हे समजा. भाजीबाजारात सगळे एकदम हाका मारतात, नवखा गोंधळतो. एक-दोन विक्रेते ठरवून घ्या, दर वेळी त्यांच्याकडेच जा. तिसऱ्या खेपेला ते स्वतःहून पिकलेली पपई बाजूला काढून ठेवतात. सैनिकी ठिपक्यांचे कपडे घालू नका, सामान्य माणसाने ते घालणं या देशात गुन्हा आहे. मुलांच्या पॅन्टलाही तोच नियम.

इथे लाकडी होड्या बांधण्याची जुनी परंपरा आहे, आणि त्यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती करणारे कारागीर आजही आहेत. एखाद्याच्या कामाच्या टेबलाशी थोडा वेळ बसा. मी एकाला पाहिलं, नखाएवढ्या फळीवर तो काचेच्या तुकड्याने धार घासत होता, आणि दर चार घासांनी ती गालाला लावून बघत होता. बेक्वेत देवमाशाची शिकारही होते. आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाच्या परवानगीने वर्षाला सरासरी जास्तीत जास्त चार कुबडवाले (हम्पबॅक) देवमासे, शिडाच्या उघड्या होड्यांतून, हाताने भाला फेकून. मला ते बघवणार नाही, हे खरं. तरी पाहुण्याने तिथे जाऊन वाद घालू नये असंच माझं मत आहे.

अंगाची काळजी

प्रवाळाने खरचटलं तर लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा, जंतुनाशक लावा, आणि जखम सुकेपर्यंत पाण्यात उतरू नका. दमट हवेत छोटी जखमही चिघळते. पोहून आल्यावर कान कोरडे करा. किनाऱ्यावर हिरव्या सफरचंदासारखी फळं असलेलं मँचिनील नावाचं झाड असतं. त्याचं फळ खायचं नाही, चीक अंगाला लावून घ्यायचा नाही, आणि पाऊस आला म्हणून त्याच्याखाली थांबायचंही नाही, कारण पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेसुद्धा कातडी भाजते. लहान मुलं बरोबर असतील तर पहिल्याच दिवशी त्यांना ते झाड दाखवा. गावात लहान रुग्णालय आहे. मोठ्या तपासणीसाठी फेरीने तासाभरात राजधानी किंग्सटाउन गाठता येतं.

संडासाबद्दल एवढंच: आधी खाल्लेलं आणि पचलेलं सोडून त्यात काहीही टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही. उपसागरात लोक पोहतात, तेव्हा मैलाटाकी असेल तर ती बाहेर खोल समुद्रात जाऊनच रिकामी करा. कचरा स्वतः गावातल्या पेटीपर्यंत न्या.

हंगाम

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. सप्टेंबरमध्ये त्याचा जोर सर्वाधिक, म्हणून नवखे समजतात की जुलैपर्यंत थांबायला हरकत नाही. २०२४ मध्ये बेरिल वादळ १ जुलैलाच कॅरियाकू बेटावर आदळलं. बेक्वेच्या दक्षिणेला साधारण साठ किलोमीटरवरचं, ग्रेनाडा देशातलं ते बेट. त्याच्या शेजारच्या युनियन आयलंडवरची जवळजवळ सगळी घरं मोडली. कॅरियाकूच्या खारफुटीत आसऱ्याला शिरलेल्या कितीतरी होड्या एकमेकींवर चढून फुटल्या. ज्या खाडीला पिढ्यान् पिढ्या लोक सुरक्षित मानत आले तीच ती खाडी. माझा सल्ला स्पष्ट आहे, मे संपायच्या आत दक्षिणेला त्रिनिदादच्या बाजूला निघा किंवा होडी पाण्याबाहेर काढून घट्ट बांधा. विम्याच्या कागदावर कुठल्या अक्षांशाच्या खाली असायला हवं ते लिहिलेलं असतं, ते निघण्याआधी वाचा.

हिवाळ्यातली अडचण वेगळी. डिसेंबर-जानेवारीत आठवडा-आठवडा जोराचा वारा सुटतो, त्याला तिथे ख्रिसमस विंड्स म्हणतात. आणि दूर उत्तर अटलांटिकमध्ये वादळ झालं की दोन-तीन दिवसांनी तिकडची लांब लाट वळसा घालून उपसागरात शिरते. होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी आणि लाट कुशीवर येते, मग पाळण्यासारखी डोलत राहते. त्या रात्री स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली ताटं-वाट्या टॉवेलमध्ये गुंडाळा आणि मुख्य खोलीत, जमिनीवर, होडीच्या मधोमध अंथरूण घाला. तिथे डोलणं सगळ्यात कमी.

संध्याकाळ

सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि अर्ध्या तासात काळोख होतो, आपल्याकडच्यासारखाच. त्याआधीचा पाऊण तास रोज एकाच क्रमाने घालवा. डिंगी वर घ्या. डेकवरचे टॉवेल, उश्या, चपला आत न्या. पावसाची सर रात्री एकदा तरी येतेच, म्हणून कुठली हॅच (छतातली झडप) कोण बंद करणार ते आताच ठरवा. आमच्याकडे पुढची माझी, मधली त्याची. डोलकाठीच्या टोकावरचा पांढरा दिवा लावा. मग कंपास घेऊन किनाऱ्यावरचे दोन दिवे निवडा, रात्रभर जळतील असे. दुकानाचा नको, तो दहाला बंद होतो. रस्त्याचा किंवा धक्क्याचा दिवा बरा. दोन्हींचे अंश, खोली आणि सोडलेली साखळी एका कागदावर लिहा आणि जिन्याच्या वरच्या पायरीशी चिकटवा, टॉर्च त्याच्या बाजूला. मोबाइलवर नांगर घसरला की वाजणारी घंटा लावलेली असली तरी कागद हवा. रात्री दोनला झोपेतून उठून वर आलेल्या माणसाला काल संध्याकाळी होडी कुठे होती हे आठवत नाही. कागदावरचे अंश आणि समोरचे अंश जुळले, तर पाच मिनिटांत परत अंथरुणात.